झाडासारख्या जाळ्यात शोध: मुळाकडे लवकर, टोकाला इतका उशीर का?

फांदी_फाटा

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात पदव्युत्तर वर्गाला संभाव्यताशास्त्र शिकवतो. सध्या वर्गात झाडासारख्या जाळ्यांवरचा रँडम वॉक, म्हणजे दर पावलाला नशिबानं वाट धरत भटकणं, चालू आहे. त्यातली एक गोष्ट वर्गाबाहेरच्या माणसांशी बोलायची फार इच्छा आहे, म्हणून हा धागा.

एक छोटं झाड घ्या. मुळापाशी एक चौक. चौकातून दोन रस्ते, प्रत्येक रस्त्याला पुढे दोन फाटे, प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन बोळ. सगळ्या मिळून १५ जागा, त्यातली ८ टोकं. टोकाला वाट बंद, आल्या वाटेनंच माघारी यायचं. कुठेही फेरा मारून पहिल्या जागी येता येत नाही, म्हणून हे झाड. आता यात असा माणूस सोडा ज्याच्याकडे नकाशा नाही आणि ज्याला मागचं काही आठवत नाही. प्रत्येक जागी समोर दिसणाऱ्या वाटांपैकी कुठलीही एक तो सारख्याच शक्यतेनं धरतो, आलेली वाटसुद्धा. एका जागेवरून शेजारच्या जागी गेला की एक पाऊल.

टोकावरून निघून चौकात यायला त्याला सरासरी १९ पावलं लागतात. चौकातून निघून ठरलेल्या एका टोकाला जायला सरासरी ६५. अंतर दोन्हीकडून तीनच पावलांचं!

झाड दहा पातळ्यांचं केलं की २०४७ जागा होतात. टोकावरून मुळाकडे ४०६२, मुळाकडून टोकाला ३६,८५८. अंतर फक्त दहा.

माझं म्हणणं असं आहे: झाडात शोध अडतो तो अंतरामुळे नाही, चुकीच्या फांद्यांच्या पसाऱ्यामुळे. त्यामुळे शोधणाऱ्याचे पाय वाढवण्यापेक्षा त्याला थोडी आठवण किंवा थोडी माहिती दिली तर कितीतरी जास्त उपयोग होतो. तुमच्या कामात हे कुठं दिसतं का? पेठेतले बोळ, नळाची लाइन, नदी, काहीही चालेल.

गंगावेस_कट्टा

सर, पहिलाच आक्षेप. आमची पेठ झाड न्हाई. मंगळवार पेठेत एका बोळात शिरलं की दोन घरं ओलांडून माणूस भलत्याच गल्लीत निघतोय. तुमच्या झाडात वाट एकच, आमच्यात चार. त्यामुळं तुमचा हिशोब आमाला लागू न्हाई असं माझं मत.

फांदी_फाटा

आक्षेप रास्त आहे, त्याकडे येतोच. म्हणून तर शीर्षकात 'झाडासारख्या' असं लिहिलंय. पण तुमच्याच पेठेत असेही बोळ आहेत ना, जे थेट कुणाच्या तरी सोप्यात जाऊन संपतात?

गंगावेस_कट्टा

ते हाईत. लई हाईत.

पार्सल_घेऊन_आलोय

मी कुरिअरचं काम करतो, शिवाजी पेठ आणि शुक्रवार पेठ माझ्याकडं. भावा, आमी कधी असं वाट फुटंल तिकडं जात न्हाई. कोपऱ्यावर पानपट्टी असती, न्हाईतर गिरण. गाडी बंद न करता विचारायचं, "पाटलांचं घर?" "कुठलं पाटील?" "मिलिटरीतलं." "डावीकडं, मारुतीच्या देवळामागं." झालं काम. मोबाइलचा नकाशा बोळाच्या तोंडापर्यंत आणून सोडतो, तिथनं पुढं माणूसच सांगतो. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर हाईत, तिथं विचारायचीबी गरज पडत न्हाई.

तुमचा तो ३६ हजार पावलं चालणारा माणूस बघून मला खरंच कळवळा आला. कुणीतरी त्याला पत्ता विचारायला शिकवा.

रस्सा_पांढरा

तोवर रस्सा गार होईल की हो त्याचा!

फांदी_फाटा

पार्सल दादा, तुम्ही लिहिलंत तेच या विषयाचं मर्म आहे, त्यामुळे नीट उत्तर देतो.

आधी ६५ कुठून आले ते. झाडात एक सोपा नियम आहे: एका जागेवरून शेजारच्या जागी सरकायला सरासरी पावलं लागतात ती तुमच्या पाठीमागे जितके रस्ते आहेत त्याच्या दुप्पट अधिक एक. वर येताना पाठीमागे थोडंच असतं. टोकावर उभे आहात, मागे काही नाही: १ पाऊल. फाट्यावर आलात, मागे दोन बोळ: ५. त्याच्या वरच्या जागी मागे सहा रस्ते: १३. बेरीज १९. खाली जाताना उलटं होतं, पाठीमागे जवळजवळ सगळं झाड असतं. पहिलं पाऊल पाठीमागच्या सात रस्त्यांमुळे १५, दुसरं अकरा रस्त्यांमुळे २३ आणि शेवटचं तेरा रस्त्यांमुळे २७. बेरीज ६५.

तो शेवटचा आकडा बघा. माणूस बरोबर बोळाच्या तोंडाशी उभा आहे, एक पाऊल टाकलं की काम झालं, तरी सरासरी २७. कारण तीनात दोन वेळा तो भलतीकडे वळतो आणि एकदा वरच्या दिशेनं निसटला की अख्खं झाड त्याला गिळायला मोकळं.

आता पत्ता विचारणं. प्रत्येक चौकात "कुठल्या वाटेला?" एवढं एकच उत्तर मिळालं तर दहा पातळ्यांच्या झाडात दहा पावलांत घर सापडतं. ३६,८५८ कुठे आणि १० कुठे! आणि चालायचंसुद्धा नसेल, फोनवरून कुठल्याही चौकात विचारता येत असेल, तर झाड कितीही वेडंवाकडं असलं तरी काम भागतं. कामीय जॉर्दां या फ्रेंच गणितज्ञानं १८६९ मध्ये दाखवलं की प्रत्येक झाडात अशी एक तरी जागा असते की ती काढली तर उरलेला एकही तुकडा निम्म्यापेक्षा मोठा राहत नाही. पहिला प्रश्न तिथेच विचारायचा. निम्मं झाड बाद. उरलेल्यात पुन्हा तशीच जागा शोधायची. २०४७ जागांना ११ प्रश्न पुरतात, दहा लाख जागांना २० च्या आत काम होतं.

व्हॉल्व्हमनचा_सोबती

वरचं वाचून राहवलं नाही. मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. जुन्या गावठाणातली नळाची लाइन म्हणजे सरांचं झाडच. मोठी लाइन, तिला फाटे, फाट्याला पोटफाटे, शेवटी बंद टोक. आमच्याकडे याला डेड एंड पद्धत म्हणतात. गाव आराखड्याशिवाय वाढत गेलं की लाइन अशीच होते. नव्या वसाहतीत जमलं तर लाइनी एकमेकींना जोडून फेरा पुरा करतात. मग एक व्हॉल्व्ह बंद केला तरी दुसरीकडून पाणी येतं. झाडात तसं नाही, एक व्हॉल्व्ह बंद की त्याच्या मागचं सगळं कोरडं. टोकाला पाणी साचून राहतं ते वेगळंच, म्हणून टोकं अधूनमधून धुवावी लागतात.

पण शोधाच्या दृष्टीनं हा दोष नाही, सोय आहे. गळती शोधायची तर रस्ता उकरत कुणी फिरत नाही. लोकांचा वापर सगळ्यात कमी असतो अशा वेळी मुख्य लाइनच्या मीटरवर एक माणूस बसवायचा. दुसऱ्यानं लांबच्या टोकाकडून एकेक व्हॉल्व्ह बंद करत यायचं. ज्या व्हॉल्व्हला मीटरचा काटा एकदम खाली येतो, त्याच्या मागे गळती. याला स्टेप टेस्ट म्हणतात. नंतर त्या तेवढ्या तुकड्यावर लोखंडी सळई टेकवून कान लावायचा, पाणी फुसफुसतं ते ऐकू येतं. रात्री शांतता असते, म्हणून हे काम रात्रीचं.

लाइनी जोडलेल्या असल्या की ही चाचणी तशी चालत नाही, आधी जोड बंद करून त्या भागाचं झाड करून घ्यावं लागतं. सरांच्या जॉर्दां साहेबांप्रमाणे मधल्या व्हॉल्व्हपासून सुरुवात केली तर आणखी लवकर उरकेल. मात्र मधला व्हॉल्व्ह बहुतेक वेळा डांबराखाली गेलेला असतो, हा अनुभव.

ए_ताई_इकडं

सोबती काका, डांबराखालचे व्हॉल्व्ह हा वेगळा धागा काढा. शंभर प्रतिसाद नक्की.

अनंतवृक्ष

मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. सरांनी मोजकं झाड घेतलं, मी न संपणारं घेते, कारण तिथे आणखी विलक्षण घडतं.

१९२१ मध्ये जॉर्ज पोल्या यांनी सिद्ध केलं की सरळ रस्त्यावर किंवा चौकटीच्या सपाट जाळ्यावर रँडम फिरणारा कधी ना कधी सुरुवातीच्या जागी परततोच. तीन मितींच्या जाळ्यात मात्र परतण्याची शक्यता सुमारे ३४ टक्केच. आता असं झाड घ्या की प्रत्येक जागी तीन वाटा आहेत आणि कुठेही टोक नाही. प्रत्येक पावलाला तीनात दोन शक्यता दूर जाण्याची, एक जवळ येण्याची. इथे एक पाऊल दूर गेलेला माणूस कधीतरी परत येईल याची शक्यता नेमकी निम्मी. दहा पावलं दूर गेला तर १०२४ मध्ये एक. दर तीन पावलांमागे तो सरासरी एक पाऊल दूर जात राहतो. म्हणजे अशा झाडात माणूस रेंगाळत नाही, निसटतो. सर म्हणतात तसा 'अडतो' हा शब्द इथे बसत नाही.

मुंगीचं_वारूळ

अनंतवृक्ष, मला उलट माहीत आहे. माझा अभ्यास सच्छिद्र खडकांमधल्या झिरपण्याचा. तिथल्या वाटा झाडासारख्याच असतात, पण अर्धवट, तुटक, आडबोळांनी भरलेल्या. पिएर-जील द जेन (१९९१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी) यांनी १९७६ मध्ये या प्रश्नाला 'चक्रव्यूहातली मुंगी' असं नाव दिलं. हॅरी केस्टन यांनी १९८६ मध्ये एका जातीच्या झाडासाठी नेमकं उत्तर काढलं. हे झाड जेमतेम जगलेलं असतं: प्रत्येक जागेला सरासरी एकच पुढची वाट, तरी अट अशी की ते अनंतापर्यंत गेलेलं असावं. त्यात मुळापासून गाठलेलं अंतर पावलांच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे १०० अंतरासाठी दहा लाखांच्या घरात पावलं. सरळ रस्त्यावर तेवढ्याच अंतराला दहा हजारांच्या घरात पुरतात. मुंगी आडबोळात शिरते, बाहेर येते, पुढच्यात शिरते.

तेव्हा अडकतो हेच खरं.

फांदी_फाटा

तुम्ही दोघं वेगळ्या झाडांविषयी बोलताय आणि दोघंही बरोबर आहात. भरघोस फुटणाऱ्या झाडात बाहेरची ओढ असते, म्हणून माणूस निसटतो. काटक्याच जास्त असलेल्या झाडात तो काटक्यांत रुततो. पण ठरलेली एक जागा शोधायची असेल तर दोन्हीकडे हाल सारखेच. निसटलेला माणूस तुमच्या टोकापासून लांब निसटलेला असतो, रुतलेला माणूस भलत्या टोकात रुतलेला असतो. 'झाडासारखं जाळं' एवढ्यावर कुणी एकच निष्कर्ष काढत असेल तर त्याला आधी झाड कुठलं ते विचारावं, हे मात्र मी वर्गातही आता ठासून सांगणार आहे.

प्रयाग_संगम

आमच्या डोळ्यांसमोरचं सगळ्यात मोठं झाड कुणाला आठवलं नाही याचं नवल वाटलं. पंचगंगा! कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीच्या संगमापासून पुढं पंचगंगा म्हणायचं, आणि नरसोबावाडीला ती कृष्णेला मिळते. वरच्या अंगाला ओढे धरले तर फांद्या मोजता येणार नाहीत.

नदी म्हणजे सरांचंच उदाहरण, फक्त प्रवाहानं ते टोकाला नेलेलं. वरच्या कुठल्याही ओढ्यात पान पडू दे, बंधाऱ्यात अडकलं नाही तर ते वाडीलाच जाणार, त्याला नकाशा लागत नाही. पण वाडीत उभं राहून "हे पान कुठून आलं?" विचारलं की सगळी फांद्यांची गर्दी समोर उभी.

मी हे मुद्दाम लिहितोय. नदीत मासे मेलेले दिसले की लोक काठाकाठानं जिथं वाट मिळेल तिथं पाणी भरून तपासायला पाठवतात. पन्नास बाटल्या जमतात, उत्तर मिळत नाही. संगमापासून सुरुवात करा. दोन्ही अंगांचं पाणी वेगवेगळं तपासा, ज्या अंगात दोष तिकडे वर सरका, पुढचा संगम. एका संगमाला दोन बाटल्या. फार वर जावंच लागत नाही. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजागी आहेत, तिथून पाणी काढणं सोपं पडतं. अट एकच, पाणी वाहतं पाहिजे आणि वेळेत पोहोचलं पाहिजे. घाण पुढे निघून गेली की संगम काही सांगत नाहीत. ही नदी आमची आहे, त्यामुळं तिचं झाड पाठ असलेली चार तरी माणसं प्रत्येक गावात असावीत असं मला फार वाटतं.

मास्तर_कसबा_बावडा

एक जुनी युक्ती कुणी लिहिली नाही. अंधाऱ्या बोळात शिरताना उजवा हात भिंतीला लावायचा आणि हात न काढता चालत राहायचं. बोळ संपला की हातच तुम्हाला वळवून परत आणतो आणि पुढच्या बोळात घालतो. काही लक्षात ठेवावं लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. झाडात फेरा नसल्यामुळं प्रत्येक रस्ता जास्तीत जास्त दोनदा तुडवला जातो, एकदा जाताना, एकदा येताना. २०४७ जागांच्या झाडात २०४६ रस्ते. म्हणजे ४०९२ पावलांत सगळं झाड पालथं.

अनंतवृक्ष

मास्तर, खूप छान! मी सरासरी काढून बघितली. कुठलंही टोक सारख्याच शक्यतेनं धरलं तर हाताच्या युक्तीनं सरासरी २०४६ पावलं लागतात, बरोबर रस्त्यांच्या संख्येएवढी. छोट्या झाडात १४.

मधली एक पायरीपण आहे. आलेली वाट लगेच धरायची नाही, टोक लागेपर्यंत पुढेच जायचं, टोक चुकीचं निघालं तर सरळ चौकात परत येऊन नव्यानं निघायचं. आधी कुठे जाऊन आलो ते लक्षात ठेवायचं नाही. छोट्या झाडात सरासरी ४५, मोठ्यात २०,४७०. म्हणजे नुसतं "चौकात परत ये" एवढ्यानं काम निम्म्याच्या आसपास येतं. भिंतीवरचा हात त्याच्याही दहापट पुढे.

आणि एक राहिलं. हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. नुसत्या रँडम वॉकमध्ये निम्म्याहून जास्त वेळा टोक सरासरीच्या आधीच सापडतं, पण उरलेल्या वेळा इतकी लांबण लागते की सरासरी वर खेचली जाते. सरासरी ३६ हजार म्हणून दर वेळी ३६ हजार धरून बसू नये.

मुंगीचं_वारूळ

"चौकात परत ये" याला भौतिकशास्त्रात रिसेटिंग म्हणतात. मार्टिन इव्हान्स आणि सत्य मजुमदार यांनी २०११ मध्ये यावर लिहिलं. सरळ अनंत रेषेवर भटकणारा कण ठरलेली जागा कधीतरी गाठतोच, पण त्याची सरासरी वेळ अनंत. त्याला अधूनमधून सुरुवातीच्या जागी परत आणलं की तीच सरासरी मर्यादित होते, आणि किती वेळानं परत आणावं याचा एक सगळ्यात चांगला दरही निघतो. फार घाईनं आणलं तर तो लांब पोहोचतच नाही, फार उशिरा आणलं तर तो भरकटलेला असतो.

खऱ्या मुंग्याही हे करतात. वाळवंटातली कॅटाग्लिफिस मुंगी वारुळाशी पोहोचली असं समजते आणि वारूळ दिसत नाही, तेव्हा ती फेऱ्या मारायला लागते. फेरी मोठी होत जाते, पण प्रत्येक फेरीनंतर ती वारूळ जिथे असावं त्याच जागी परत येते. वेनर आणि श्रीनिवासन यांचा १९८१ चा अभ्यास आहे. मोकळ्या वाळूत, झाडाबिडाशिवाय.

गंगावेस_कट्टा

मास्तर, तुमचा हात आमच्या पेठेत चालणार न्हाई, मी पहिल्यापासनं तेच सांगतोय. समजा घर एका सुट्या चौकोनात हाय, चारी बाजूंनी रस्ता. तुमी बाहेरच्या भिंतीला हात लावून चालला तर त्या चौकोनाला हात लागणारच न्हाई. आयुष्यभर बाहेरनं प्रदक्षिणा.

आणि गवळ्याचं रेडकू सुटलं की काय होतं ते मला विचारा. बोळात शिरलं तर एक माणूस बास, ते टोकाला जातंय आणि तिथंच सापडतंय. पण घरांच्या चौकोनाभवती पळाय लागलं की एकटा माणूस दमून मरंल. दोघं पायजेत, दोन्हीकडनं.

मास्तर_कसबा_बावडा

मान्य आहे. फेरा असला की हात फसतो. तिथं खडू घेऊन खुणा कराव्या लागतात.

फांदी_फाटा

गंगावेस, तुमचा हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. रेडकाचं तुम्ही सांगितलंत ते गणितात सिद्ध झालेलं आहे: झाडात एकमेकांना दिसणाऱ्या चोर-शिपायाच्या खेळात एक शिपाई नेहमी जिंकतो, चार किंवा जास्त जागांच्या फेऱ्यावर एकटा कधीच नाही.

आणि इथेच त्या बिनआठवणीच्या माणसाची बाजू घ्यायला पाहिजे. झाड असो, फेरे असोत, सुटे चौकोन असोत, तो मंद आहे पण फसत नाही. जाळं जोडलेलं आणि मोजकं असेल तर तो प्रत्येक जागी पोहोचतोच. १९७९ पासून हेही माहीत आहे की सगळ्या जागा पालथ्या घालायची त्याची सरासरी वेळ जागा आणि रस्ते यांच्या गुणाकाराच्या दुपटीपलीकडे कधी जात नाही. नकाशा काय आहे हेच ठाऊक नसेल तेव्हा या खात्रीला मोल आहे.

शिरोली_नाका

फेऱ्यांवरून आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली गेला तेव्हा मी घरीच अडकलो होतो. २०२१ च्या जुलैलाही तेच. एरवी आमच्या भागात कुठूनही कुठं जायला तीन-चार वाटा. पाणी चढायला लागलं की त्या एकेक करून बंद होतात. आधी ओढ्यावरचा पूल, मग बंधाऱ्यावरचा रस्ता. एक वेळ अशी येते की प्रत्येक गावाला एकच वाट उरते. सर, तेव्हा जिल्ह्याचं झाड होतं की. आणि आणखी एक रस्ता गेला की तुकडे.

बचावाला बाहेरगावची माणसं आली, जिवाची पर्वा न करता आली, पण फाट्यावर गोंधळायची. बोटीत गावचा माणूस बसला की पत्ता बरोबर लागायचा. गावात कोण आजारी, कुठल्या घराला माडी आहे, हे त्यालाच ठाऊक. तुम्ही माहितीबद्दल वर जे लिहिलंत ते मला तिथं पटलं. प्रत्येक गावानं आपली शेवटची उरणारी वाट कुठली ते पावसाळ्याआधी लिहून ठेवावं.

प्रयाग_संगम

शिरोली, शंभर टक्के. आणि ती वाट कितव्या फुटाला जाते तेही लिहावं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तर सगळ्यांना रोज कळतेच.

ए_ताई_इकडं

मी गणितातली नाही, पण सगळं वाचलं. माझा प्रश्न आईचा आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेला आम्ही दरवर्षी जातो. पायऱ्या, दुकानांच्या ओळी, त्यातून फुटणाऱ्या वाटा. लेकरू हात सोडून गेलं तर त्याला काय शिकवून ठेवावं? आहेस तिथं थांब, की शोधत ये? माझी आई म्हणायची थांब. मुलगी म्हणते, मी थांबले आणि तुला मी दिसलेच नाही तर?

फांदी_फाटा

ताई, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

मूल बहुधा टोकाकडच्या वाटेत असतं, तुम्ही मुळाकडे. तुम्ही टोकं शोधत निघालात तर ६५ च्या बाजूला आहात. मूल मुळाकडे आलं तर १९ च्या. दोघंही फिरत राहिलात तर मूल आत्ताच तुम्ही बघून आलेल्या वाटेत शिरू शकतं, म्हणजे पाहिलेल्या फांद्याही बाद करता येत नाहीत. म्हणून एकानं तरी जागेवर राहावं, आणि ती जागा मुळाशी असावी. पण लहान मुलानं यात्रेच्या गर्दीत एकटं चालत मुळाकडे यावं हे मी कधीच सुचवणार नाही. तिथे पार्सल दादांचा मार्ग.

पार्सल_घेऊन_आलोय

व्हय ताई. पोरीला सांगा, हललीस तर जवळच्या दुकानापर्यंतच. नारळवाल्या मावशीला, न्हाईतर पोलिसाला सांगायचं, "मी हरवलीय, माइकवर सांगा." दुकानदार जागा सोडून जात न्हाई आणि त्याला माइक कुठं हाय ते ठाऊक असतं. तुमचा मोबाइल नंबर पोरीच्या हातावर पेनानं लिवायचा. तुमी स्वतः फिरायचं न्हाई, सरळ माइकपाशी जायचं.

ए_ताई_इकडं

हे पटलं. आईचं 'थांब' पण राहिलं आणि मुलीच्या प्रश्नालाही उत्तर मिळालं. आम्ही आजवर "आपल्या गावच्या सासनकाठीजवळ भेटायचं" असं ठरवत होतो.

गंगावेस_कट्टा

सासनकाठी नको ताई, ती मिरवणुकीत हलती की! देवळाच्या दरवाजाची कमान सांगा.

मास्तर_कसबा_बावडा

कमानीखाली फार रेटारेटी असते, लहान मुलाला तिथं उभं करू नये. पोलिसांचा किंवा घोषणेचा तंबू बरा. चढून गेल्या गेल्या आधी तो मुलांना दाखवायचा, मग दर्शनाच्या रांगेला लागायचं.